ताई, घड्याळ नव्हे, काळच मंद होतो

कुंदाताई, भेटायला येणारी माणसं एकदाची थांबली. इतके दिवस ओटीवरची सतरंजी गुंडाळायला सवड नव्हती. येणारा प्रत्येक जण तुमच्या फोटोपाशी हात जोडायचा आणि बाहेर येऊन एकच वाक्य म्हणायचा, "सुटली बिचारी." मी चहाचे कप गोळा करत ऐकून घेत होते. पण तुमच्या आगाशीच्या मामेबहिणीनेही तेच म्हटलं तेव्हा राहवलं नाही. म्हटलं, "सुटल्या कसल्या? माझ्याशी भांडण अर्धवट टाकून गेल्यात." त्या बावरून प्रदीपकडे बघायला लागल्या. प्रदीप मला आत घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "अगं, लोकांसमोर काय हे? ताईचं आणि तुझं कसलं भांडण?"

तुमच्या भावाला ते कळलं नाही यात नवल नाही. नणंद-भावजयीचं भांडण म्हणजे मीठ, चाव्या आणि माहेर, एवढंच लोकांना ठाऊक. आपलं भांडण काळावरून होतं. जड वस्तूच्या जवळ काळ मंद होतो म्हणजे नेमकं काय मंद होतं, यावरून.

ते पुरं करायला बसले आहे. माझं अक्षर तुमच्या कधीच उपयोगाचं नव्हतं, तेव्हा मोठ्याने म्हणत म्हणत लिहितेय. बाजूच्या इमारतीचं काम चालू आहे, ड्रिलचा आवाज आहे, पण तुमचा कान त्यातूनही माणसाचा आवाज बरोबर वेगळा काढायचा.

मी लग्न होऊन उमेळ्याला आले तेव्हा तुम्ही बँकेत टेलिफोन ऑपरेटर होतात. आठवीत असताना तुमचे डोळे गेले, ते कशाने, हे घरात कुणी धड सांगत नसे, आणि तुम्हाला विचारायची माझी हिंमत नव्हती. तुमचा दरारा होता. पायरीवर पाऊल पडलं की कोण आलं ते तुम्ही ओळखायचात, आणि काय मनात घेऊन आलं तेही. मी ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. त्याबद्दल तुम्ही मला कधी एक शब्द विचारला नाहीत. मी समजून चालले, की तुम्हाला त्यात रस नसावा.

मग तुमची मूत्रपिंडं थकली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. प्रदीपची नोकरी मुंबईत, आमची मुक्ता लग्न करून बोळिंजला, आणि मी नुकतीच कॉलेजातून मोकळी झालेली. म्हणजे रिक्षात तुमच्या शेजारी बसायला मीच. पहिल्या दिवशी नर्सने तुमच्या हातात सुया लावल्या, मशीन घुरघुरायला लागलं, आणि तुम्ही म्हणालात, "चार तास आहेत. आळीतल्या गप्पा मला सांगू नकोस, त्या मला तुझ्याआधी कळतात. तू कॉलेजात काय शिकवायचीस, ते सांग."

मी हसले. "ताई, ते आता कुठे?"

तुम्ही हसला नाहीत. "डोळे गेल्यावर मला परत शाळेत घातलं ना, तेव्हा विज्ञानाच्या तासाला मला उठवून गाण्याच्या वर्गात नेऊन बसवायचे. आंधळ्या मुलीला प्रयोगातलं काय कळणार, म्हणून. मला गाता येत नाही, मंगल. तेव्हाही येत नव्हतं. मी पेटीसमोर बसून भिंतीपलीकडचं ऐकायचे. अर्धं ऐकू यायचं, अर्धं नाही. ते उरलेलं अर्धं आता तू सांग."

इतकी वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी मी तरफेपासून सुरुवात केली.

तरफ, उतार, कप्पी सगळं सुरळीत पार पडलं. गुरुत्वाकर्षणाशी येऊन गाडी अडली. पृथ्वी सगळ्यांना ओढते, म्हटलं. तुम्ही विचारलंत, "हात न लावता?" हो. "दोरी नाही, काही नाही?" नाही. "मग कशी ओढते?" मी म्हटलं, आता शास्त्रज्ञ असं मानत नाहीत, की ती ओढते. जड वस्तूमुळे तिच्या भोवतीचा अवकाश आणि काळ, दोन्ही मिळून वाकतात, आणि त्या वाकलेल्या जागेतून सरळ जाणारी वस्तू आपल्याला ओढल्यासारखी वाटते. "वाकतात म्हणजे?" तुम्ही म्हणालात. "रविवारी घरी दाखव."

रविवारी मी आणि प्रदीपने पलंगाची चादर चारी बाजूंनी ताणून धरली, खुर्च्यांना बांधली आणि मधोमध वरवंटा ठेवला. वर्गात हेच चित्र मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढलं होतं. तुम्ही चादरीवरून तळवा फिरवलात, खळगा चाचपलात. मी लिंबू सोडलं. ते घरंगळत वरवंट्याशी गेलं, आणि ते तुम्ही कानांनी ऐकलंत.

"वरवंटा खाली का गेला?" तुम्ही विचारलंत.

"जड आहे म्हणून."

"जड म्हणजे पृथ्वी त्याला ओढते म्हणून. बरोबर? मग जे समजावायचं तेच तू आधी खाली पुरून ठेवलंस. पृथ्वी काढून घेतली तर तुझा वरवंटा चादरीवर नुसता तरंगेल. आणि या चादरीत काळ कुठे आहे? मला तर कापड लागतंय फक्त."

प्रदीप चादरीचं टोक धरून हसत सुटला. मला राग आला होता, ताई. आज कबूल करायला हरकत नाही, की तो राग चांगला होता. चादरीचं चित्र डोळस माणसाला गप्प करतं, कारण खळगा दिसला की समजल्यासारखं वाटतं. तुम्हाला खळगा दिसत नव्हता. मला चित्र टाकून देऊन खरी गोष्ट सांगणं भाग पडलं. तो आठवडा मी जुनी पुस्तकं काढून बसले. निवृत्तीनंतर पहिल्यांदा मला माझ्या विषयाची भूक लागली.

मग बाजारातून मोठं कलिंगड आणलं. तुमच्या मांडीवर ठेवलं आणि तुमच्या हातात चिकटपट्टीचं रीळ दिलं. "पट्टी सरळ नेली तर ती सपाट बसते. वळवली तर एका कडेला चुणी पडते. बोटांनी बघा." तुम्ही एक पट्टी वळवून पाहिलीत, चुणी चाचपलीत, मान हलवलीत. मग आपण कलिंगडाच्या पोटावरून, त्याच्या मधल्या घेरापासून, शेजारी-शेजारी दोन पट्ट्या सुरू केल्या. दोन्ही एकाच दिशेला, देठाकडे. एकही चुणी पडू द्यायची नाही, म्हणजे पूर्ण सरळ जायचं. तुमची बोटं पुढे सरकत गेली आणि देठाशी येऊन थांबली. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर चढल्या होत्या.

"यांना जवळ कुणी ओढलं?" मी विचारलं.

तुम्ही पट्ट्यांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलंत, चुणी शोधत. नव्हती. "कुणीच नाही," तुम्ही म्हणालात. "दोघी सरळच गेल्या. खालचं फळच गोल आहे." आणि मग तुम्ही जे हसलात, ते मी या घरात त्याआधी ऐकलं नव्हतं. भिंतीपलीकडचा वर्ग तुम्हाला त्या दिवशी पूर्ण ऐकू आला असावा.

काळाचं कोडं सुटलं ते मात्र ठरवून नाही. एकदा डायलिसिसहून आल्यावर तुम्हाला वाडीत विहिरीपर्यंत जायचं होतं. केळींमधून आपण निघालो. तुमचा डावा हात माझ्या कोपराला, तुम्ही माझ्या उजवीकडे. तुमचे पाय त्या दिवशी जड होते. चार पावलं गेल्यावर तुम्ही म्हणालात, "आपण उजवीकडे का जातोय? पाट लागला मला." मी म्हटलं, "मी तर सरळ चालतेय." "मीही सरळच चालतेय." मग लक्षात आलं. मी माझ्या चालीने चालत होते, तुम्ही सावकाश. हात एकमेकींत असल्यामुळे आपली जोडी, दोघींपैकी कुणीही न वळता, सावकाश चालणाऱ्या बाजूला वळत होती.

मी केळींच्या मधोमध थांबले. "ताई, हेच! फळ खाली पडतं ते असंच."

"धाप लागलीय मला, नीट सांग."

विहिरीच्या काठावर बसून मी सांगितलं. तुम्ही खुर्चीत हलला नाहीत तरी घड्याळाच्या नऊपासून दहापर्यंत येऊन पोहोचता. प्रत्येक वस्तू काळातून पुढे चालतच असते. आता पृथ्वीजवळ काळ खाली किंचित मंद चालतो आणि वर किंचित वेगाने. म्हणजे फळाची खालची बाजू सावकाश, वरची बाजू चटकन. दोघी हातात हात घालून. मग ते फळ कुठे वळेल? "सावकाशीच्या बाजूला," तुम्ही म्हणालात. "खाली." हो. पृथ्वी त्याला ओढत नाही. पृथ्वीच्या वस्तुमानामुळे तिच्याजवळ काळ मंद झालेला असतो, आणि फळ मंद काळाकडे वळत जातं. त्या वळण्यालाच आपण पडणं म्हणतो.

तुम्ही लगेच मान्य कराल ही अपेक्षा नव्हतीच. पुढच्या डायलिसिसला सुया लागायच्या आत तुम्ही सुरू झालात. "फळाला वर-खाली आहे. पण अगदी बारीक कण असेल, ज्याला वर-खालीच नाही, तो का पडतो?" मी म्हटलं, अगदी बारीक कणही टिंबासारखा नसतो, तो लाटेसारखा थोडा पसरलेला असतो, त्या पसरण्यालाही खालची बाजू असते. "बरं," तुम्ही म्हणालात, म्हणजे दाव्याची पुढची तारीख दिलीत.

त्या तारखेला तुम्ही ओटीवरचं लंबकाचं घड्याळ घेऊन आलात. खरोखर नव्हे, युक्तिवादात. "पृथ्वीपेक्षा जड ग्रह असेल, तिथे ओढ जास्त. लंबक भराभर हलणार. हो की नाही?"

"हो."

"म्हणजे घड्याळ पुढे पळणार. आणि तू तर म्हणतेस, जड वस्तूपाशी ते मागे पडतं. एकदा काय ते ठरव."

शेजारच्या बेडवरच्या भारतीबाई मान उंचावून बघायला लागल्या. मिठागरांकडच्या गावातल्या त्या बाई. आपल्या बोलण्यातलं काही त्यांना कळत नसे, पण कोण जिंकतंय ते कळायचं. मी म्हटलं, लंबक ओढीवर चालतो, म्हणून तो काळाबरोबर ओढही मोजतो. ओढ जास्त झाली म्हणून तो पळाला, तो हिशेब आधी बाजूला काढा. तेवढं काढल्यावर त्यातही तोच मंदपणा शिल्लक राहतो, जो मनगटावरच्या घड्याळात दिसेल, तुमच्या नाडीत दिसेल, माजघरात पिकायला टांगलेल्या राजेळी केळ्यांच्या घडात दिसेल. सगळ्यांत अगदी एकाच प्रमाणात.

"म्हणजे तुझ्या बाजूने साक्ष देईल ते घड्याळ खरं, आणि विरुद्ध बोलेल त्याचा हिशेब बाजूला काढायचा!"

भारतीबाई खळखळून हसल्या. तो दिवस तुमचा होता.

पण त्यानंतर मी हरले नाही, ताई. मुक्ताचं घर वरच्या मजल्यावर, आपलं जमिनीलगत. तिच्याकडचा काळ आपल्यापेक्षा वेगाने चालतो, आयुष्यभरात सेकंदाचे काही दशलक्षांश पुढे जातो, इतकाच. तुम्ही म्हणालात, "इतकंसं कोण मोजतंय?" मी तुमच्या हातातल्या फोनवर बोट ठेवलं. तुम्ही रिक्षात बसलात की तो तुम्हाला रस्ता सांगतो, आणि रिक्षावाल्याने लांबून नेलं तर तुम्ही त्याला तिथल्या तिथे पकडता. तो रस्ता सांगतो आकाशातल्या उपग्रहांच्या घड्याळांवरून. ती घड्याळं वेगामुळे थोडी मागे पडतात, उंचीमुळे त्याहून जास्त पुढे जातात. हा फरक रोज दुरुस्त केला नाही तर दिवसभरातच तुमचा फोन तुम्हाला काही किलोमीटर भलतीकडे दाखवू लागेल. तुम्ही फोन कानाशी धरलात, जणू त्यातून टिकटिक ऐकू येईल. "मंद होतात हे मानलं," तुम्ही म्हणालात. "घड्याळं मंद होतात. काळ मंद होतो हे तू वरून जोडतेस."

इथेच आपण अडकलो आणि इथेच राहिलो.

मी म्हणत होते, घड्याळ, नाडी, केळी, मनातला विचार, सगळंच जर एका प्रमाणात मंद झालं, तर त्या ठिकाणच्या माणसाला काहीच मंद वाटणार नाही. दोन ठिकाणची माणसं पुन्हा एकत्र आली, की मगच फरक कळेल. मग या सगळ्यांपलीकडे, कशातच न दिसणारा असा कुठला काळ उरतो, जो मंद झालेला नाही? तुम्ही म्हणत होतात, "मला दिसत नाही म्हणून रंग नाही, असं मी म्हटलं तर चालेल का? तुला मोजता येत नाही म्हणून तो नाही, असं तू म्हणू नकोस."

याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. आता देते. रंग तुम्हाला दिसत नाही, पण मला दिसतो, आणि मी तुम्हाला सांगू शकते की पिकलेली मिरची कोणती. तुम्ही चावून पडताळू शकता. तुमचा तो न बदलणारा काळ मात्र कुणालाच लागत नाही, डोळ्याला नाही, कानाला नाही, केळीलाही नाही. ज्याचा कुणालाच पत्ता नाही त्याच्यासाठी मी जागा राखून ठेवणार नाही. काळच मंद होतो. तुम्ही समोर असतात तर यावर काहीतरी तोडीचं बोलला असतात. ते काय, याचा मी रोज विचार करते. सापडलं तर तुमच्या नावावर मांडेन. तोवर माझं म्हणणं सोडत नाही.

तुम्ही मला एक गोष्ट करू दिली नाहीत, आणि ते बरं केलंत. एकदा भारतीबाई कंटाळून म्हणाल्या, "बाय, हितं टायम सरतच नाय. पानी पन घोट-घोट मोजून प्यायचं." मी सहज बोलून गेले, "बघा ताई, इथे काळ कसा मंद झालाय." तुम्ही एकदम कडक झालात. "गल्लत करू नकोस. यांचा कंटाळा वेगळा आणि तुझा काळ वेगळा. यांना कंटाळा आलाय, त्याचं काय करायचं ते बघ. शास्त्राचं गोड बोलणं करून त्यांच्या अंगावर घालू नकोस." मग तुम्ही भारतीबाईंना त्यांच्या गावच्या मिठाबद्दल विचारायला लागलात, आणि दोन तास त्या बोलत होत्या. मी त्या दिवशी खूप शिकले. म्हणून आज, तुम्ही गेल्यावर घरात काळ कसा जातो वगैरे मी काही लिहिणार नाही. घर रिकामं वाटतं. एवढंच खरं आहे.

ध्वनिफितींची कल्पना तुमचीच. "हे सगळं बोलून ठेव फोनमध्ये. माझ्यासारख्या पुष्कळ आहेत, त्यांनाही गाण्याच्या वर्गात बसवलेलं आहे." बँकेतल्या तुमच्या जुन्या मैत्रिणी, त्यांच्या ओळखीचे, त्यांच्या ओळखीच्यांची मुलं. मी बोलायचं, तुम्ही ऐकायचं, आणि जिथे अडेल तिथे थांबवायचं. तुमचे नियम: 'समजा तुम्हाला दिसतंय' असं म्हणायचं नाही. चादर आणायची नाही. आणि जिथे तुम्हाला स्वतःला पटलेलं नाही तिथे आवाज चढवून पुढे जायचं नाही. तीन-तीनदा रेकॉर्ड करायला लावलंत. कलिंगडाचा भाग तर इतक्यांदा केला, की प्रदीप म्हणाला, आता ते फळ घरात आणू नका.

शेवटचा भाग उरला. 'का'चा.

त्या गुरुवारी तुम्ही विचारलंत, "वस्तुमान असतं तिथे काळ मंद होतो, अवकाश वाकतो. मानलं. पण वस्तुमान असं का करतं?"

मी म्हटलं, "समीकरण आहे. पदार्थ किती, ऊर्जा किती, यावरून वाकणं किती ते त्यातून अचूक निघतं."

"किती ते मी विचारलं नाही. का ते विचारलं."

"ते माहीत नाही."

"तुला माहीत नाही?"

"कुणालाच नाही, ताई. ओढ का असते, याचं उत्तर वाकणं. वाकणं का असतं, याला अजून उत्तर नाही. काही जण शोधतायत. 'का' एक पायरी मागे गेला, संपला नाही."

तुम्ही तोंड फिरवलंत. "इतकी वर्षं शिकवलंस आणि शेवटी 'माहीत नाही'? आणि हे त्या पोरींना ऐकवणार? त्यांना आयुष्यभर हेच ऐकवलंय लोकांनी, की तुम्हाला नाही कळायचं." मी म्हटलं, "तुम्हाला नाही कळायचं, हे वेगळं, आणि आपल्याला अजून माहीत नाही, हे वेगळं." "ही पळवाट आहे," तुम्ही म्हणालात. रिक्षात आपण एकमेकींशी बोललो नाही. दारात उतरताना तुम्ही नेहमीप्रमाणे माझं कोपर धरलंत, पण म्हणालात एवढंच, "शनिवारी बघू."

शुक्रवारी सकाळी तुम्ही गेलात. चहा कपात होता, मी खोबरं किसत होते, तुम्ही "मंगल" अशी हाक मारलीत आणि मी हात पुसून येईपर्यंत सगळं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, अशा आजारात होतं असं. मी त्यांनाही विचारलं, का. त्यांनी पोटॅशियमबद्दल काहीतरी सांगितलं. बरोबर असेल. मला त्याचा काही उपयोग झाला नाही.

तेव्हापासून एक विचार मनातून जात नाही. त्या गुरुवारी तुम्ही ज्या रागाने 'का' विचारलात, त्यात आणखी एक 'का' होता का? डोळे माझेच का गेले, मूत्रपिंडंही माझीच का? इतक्या वर्षांत तुम्ही हे कधी म्हणाला नाहीत. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही पुन्हा 'गल्लत करू नकोस' म्हणाला असतात, आणि बहुधा ते खरंच असतं. तरी त्या रिक्षात मी तुमचा हात हातात घ्यायला हवा होता असं वाटतं. शास्त्राच्या नावाखाली नव्हे. नुसताच.

प्रदीप म्हणाला, वर्ष होऊ दे, मग बघ त्या रेकॉर्डिंगचं. मी म्हटलं, नाही. वर्षभरात माझा आवाज शोकसभेसारखा होईल. आत्ता त्यात अजून भांडण आहे. दिवसकार्य झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी इमारतीचे मजूर जेवायला गेल्यावर मी तुमच्या खोलीत बसले आणि शेवटचा भाग बोलून काढला.

मला रडू येईल अशी भीती होती. आलं नाही. मी सांगितलं, की वस्तुमानामुळे काळ किती मंद होतो ते माणसाला मोजता येतं, आधी सांगता येतं, आणि पडताळून बघता येतं, डोळे असोत वा नसोत. मग सांगितलं, की असं का होतं ते माहीत नाही. पोरींनो, हे तुम्हाला कळणार नाही असा याचा अर्थ नाही. हा प्रश्न ज्यांनी-ज्यांनी इथपर्यंत ऐकलं त्या सगळ्यांचा आहे, आणि आता तुम्हीही त्याच्या तोंडाशी येऊन उभ्या आहात, जगातल्या मोठ्यात मोठ्या शास्त्रज्ञाच्या शेजारी, एकाच पायरीवर. आणि शेवटी हेही सांगितलं, की माझी नणंद कुंदा हिला हे उत्तर पळवाट वाटत होतं. तिला काळ मंद होतो हेही पूर्ण पटलं नव्हतं. तिचे आक्षेप असे असे आहेत. तुम्ही तुमचं ठरवा. ताई, तुम्ही घातलेला नियम मी मोडला नाही. जिथे तुम्हाला पटलं नव्हतं तिथे आवाज चढवला नाही.

एकदाच बोलले. तीनदा करायला लावणारं कुणी नव्हतं. पाठवून दिलं.

काही दिवस कुणाचाच फोन नाही. परवा सकाळी फोन आला. मुलीचा आवाज, बोळिंजहून. ऋतुजा नाव. बी.ए.ला आहे, जन्मापासून दिसत नाही, तुमच्या बँकेतल्या मैत्रिणीची भाची. मला वाटलं, तुमच्याबद्दल चार शब्द बोलेल. ती म्हणाली, "मॅडम, सॉरी हां, पण मला एक पॉइंट पटलाच नाही."

मी खुर्चीवर बसले. "बोल."

"तुम्ही म्हणता, पृथ्वीच्या जवळ टाइम स्लो. पण पृथ्वीच्या एकदम सेंटरला गेलं तर? तिथे सगळीकडून सारखीच ओढ, म्हणजे वजन झिरो. बरोबर ना? मग तिथे टाइम नॉर्मल व्हायला पाहिजे. का अजून स्लो?"

ताई, हा तुम्हाला सुचला नव्हता. मला खात्री आहे, तुम्ही ऐकलं असतंत तर आधी चिडला असतात, की मला कसा नाही सुचला, आणि मग त्या मुलीला फोनवर तासभर सोडलं नसतंत. उत्तर मला येतं: मध्यावर वजन नसलं तरी काळ तिथेच सगळ्यात मंद असतो, कारण तो ओढ किती आहे यावर ठरत नाही, तुम्ही किती खोलात आहात यावर ठरतो. पण हे नुसतं वाक्य झालं. तिने विश्वास ठेवावा असं मी काही सांगितलं नाही. मी म्हटलं, "अजून स्लो. का, ते फोनवर नाही सांगणार. रविवारी उमेळ्याला ये."

"मी एकटी येऊ शकते," ती जरा तडफेने म्हणाली.

"मला कुठे शंका आहे? येताना आणखी कुणाला पटलं नसेल तर त्यांनाही घेऊन ये."

तीन जणी येतायत. आज शुक्रवार. मध्यावर वजन नाही आणि तरी काळ सगळ्यात मंद, हे त्यांच्या हाताला कसं लागेल, ते अजून मला सापडलेलं नाही. स्वयंपाकघरातली भांडी काढून बसले आहे, एकात एक घालून बघतेय. रविवारच्या आत सापडेल. नाही सापडलं तर तसं त्यांना तोंडावर सांगेन, आणि आम्ही चौघी मिळून शोधू.